ड्रीपरमधलं चार लिटर पाणी आणि माझ्या दोन चुका: सीएफडीवर विश्वास कधी ठेवायचा?

मागच्या महिन्यात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षातली दोन मुलं भेटायला आली. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, सीएफडीत पीएच.डी. करायचीय, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" मी तेव्हा त्यांना एक नाव सांगून मोकळी झाले. पण नंतर वाटलं, हे उत्तर अर्धवटच होतं. मला स्वतःला कोणी हेच उत्तर दिलं होतं आणि त्यात माझे जवळजवळ पाच महिने गेले. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. उदाहरण माझ्याच कामातलं आहे, आणि आपल्या खान्देशातलं आहे: ठिबकचा ड्रीपर.

आधी सीएफडी म्हणजे काय ते थोडक्यात. कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स. पाणी किंवा हवा कशी वाहते हे सांगणारी समीकरणं आपल्याकडे खूप आधीपासून आहेत. नेव्हियेनं ती १८२२ मध्ये मांडली आणि स्टोक्सनं १८४५ मध्ये त्यांना आज आपण वापरतो ते रूप दिलं. अडचण अशी की ही समीकरणं कागदावर फक्त अगदी साध्या प्रकरणांत सुटतात. सरळ नळी, दोन सपाट पाट्यांमधला प्रवाह, असं. जरा वळण आलं की पेन खाली ठेवायचं. मग आपण प्रवाहाच्या जागेचे लाखो छोटे तुकडे करतो (ह्या तुकड्यांना सेल म्हणतात आणि सगळ्यांना मिळून मेश, म्हणजे जाळी). प्रत्येक तुकड्यात किती पाणी आलं, किती गेलं, किती संवेग आला-गेला, याचा हिशोब संगणकाला करायला लावतो. किराणा दुकानाच्या वहीसारखंच आहे हे, फक्त वही लाखो पानांची.

यात एक गंमत आहे, जी अभ्यासक्रमात घाईघाईनं उरकतात. न दाबल्या जाणाऱ्या द्रवात वेगासाठी समीकरण आहे, पण दाबासाठी स्वतःचं असं समीकरण नाही. मग दाब काढायचा कसा? १९७२ मध्ये पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी एक पद्धत दिली, तिचं नाव सिंपल. दाब आधी अंदाजानं धरायचा, त्यावरून वेग काढायचा, मग प्रत्येक तुकड्यात पाण्याचा हिशोब जुळतो का बघायचं. जुळत नसेल तर दाब दुरुस्त करायचा आणि पुन्हा सुरुवात. आज जगातल्या बहुतेक सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत किंवा तिची भावंडं आहेत. यातले पाटणकर म्हणजे सुहास पाटणकर, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. मग आयआयटी मुंबई, मग लंडनचं इम्पीरियल कॉलेज. त्यांचं १९८० चं पुस्तक अजूनही या विषयात शिरायचा सगळ्यात चांगला दरवाजा आहे असं माझं मत आहे. पुस्तक बारीक आहे, घाबरू नका.

आता ड्रीपरकडे येऊ.

जळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला ठिबक समजावून सांगायची गरज नाही. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी जळगावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबकचं काम सुरू केलं, आणि आज रावेर-यावलच्या केळीच्या बागांमध्ये काळ्या नळ्या नसतील असं शेत शोधावं लागेल. पण त्या नळीच्या आत चिकटवलेला तो छोटासा प्लास्टिकचा तुकडा कधी कापून बघितलाय का? नसेल तर बघा. आत करवतीच्या दातांसारखी एक नागमोडी वाट असते, साधारण एक मिलिमीटर रुंद. पाणी त्यातून डावी-उजवीकडे आपटत बाहेर येतं.

ही वाट कशासाठी? समजा नळीत १० मीटर पाण्याइतका दाब आहे आणि आपल्याला तासाला ४ लिटर पाणी हवंय. साधं भोक पाडलं तर पाणी सेकंदाला १४ मीटर वेगानं उडू पाहील. तेवढ्या वेगानं तासाला फक्त ४ लिटर सोडायचं तर भोक ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवावं लागेल. विहिरीच्या पाण्यातला एक वाळूचा कण आला की काम संपलं. नागमोडी वाटेत मात्र प्रत्येक वळणावर पाण्याची ऊर्जा थोडी थोडी खर्च होते, त्यामुळे वाट एक मिलिमीटरची ठेवूनही पाणी थेंब थेंब बाहेर येतं. म्हणजे ड्रीपर हे ऊर्जा वाया घालवण्याचं यंत्र आहे. ती किती आणि कुठे वाया घालवायची, ते ठरवणं म्हणजे त्याचं डिझाइन.

ड्रीपरचं वागणं एका साध्या सूत्रात बसवतात. प्रवाह हा दाबाच्या अमुक घाताच्या प्रमाणात असतो. हा घातांक सगळ्यात महत्त्वाचा आकडा. तो १ असेल तर दाब जितका घटला तितकंच पाणी घटतं. तो ०.५ असेल तर कमी घटतं. समजा लांबच्या नळीच्या सुरुवातीला दाब १० मीटर आणि टोकाला ८ मीटर आहे. घातांक १ असेल तर शेवटच्या झाडाला २० टक्के पाणी कमी. ०.५ असेल तर साडेदहा टक्के कमी. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण तो बागेच्या टोकाच्या प्रत्येक केळीला हंगामभर सोसावा लागतो.

(मी मूळची धुळ्याची. आमच्याकडे पांझरा नदीवर काही शतकांपासून फड पद्धत आहे. बंधारा, पाट, आणि पाणी वाटणारा पाटकरी. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची पाळी भांडणाविना लावता येते. तिथलाही मूळ प्रश्न हाच: टोकाच्या माणसाला पाणी पोचतं का? फक्त तिथे ते डोळ्यांनी बघतात, आणि आम्ही घातांक काढतो.)

माझं काम होतं अशा एका नागमोडी वाटेतला प्रवाह सीएफडीनं काढायचा आणि वाटेचा आकार बदलला तर घातांक कसा बदलतो ते बघायचं. सॉफ्टवेअर ओपनफोम. ते फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामुळे त्याचं शिक्षण-साहित्यही सहज मिळतं. मी फिजिक्सची, त्यामुळे इंजिनिअरिंगवाल्यांसारखी सवय नव्हती. पण ट्युटोरियल उघडलं, त्यातलं एक तयार उदाहरण कॉपी केलं, त्यात माझा आकार घातला, सीमेवरच्या अटी बदलल्या आणि सुरू केलं. हे सगळे असंच करतात. त्यात चूक काही नाही, पण पुढे वाचा.

पहिलं जे काम करायचं ते मी नीट केलं: जाळीची तपासणी. वाट उलगडली तर सुमारे १०० मिलिमीटर लांब. ०.०५ मिलिमीटरचे तुकडे केले की साधारण ८ लाख सेल होतात. आता उत्तर जाळीवर अवलंबून नाही ना, हे बघायला तुकडे बारीक करायचे. पण तिन्ही दिशांना निम्मे केले की सेल आठपट होतात, म्हणजे ६४ लाख. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपनं तिथे हात टेकले. म्हणून मध्ये एक दीडपट बारीक जाळी घेतली, २७ लाखांची, आणि सगळ्यात बारीक जाळी विभागातल्या मोठ्या मशीनवर रात्री लावली. जाळी बारीक होत गेली तसा उत्तरातला फरक कमी कमी होत एका टक्क्याच्या आसपास आला. सगळं सुरेख. त्रुटीचे आलेख सरळ खाली उतरत होते. पॅराव्ह्यूमध्ये रंगीत चित्रं काढली: मधून लाल वेगवान प्रवाह, कोपऱ्यांत निळे भोवरे.

आणि उत्तर? १० मीटर दाबाला तासाला ४.० लिटर. ड्रीपरच्या पाकिटावर काय लिहिलेलं? ४ लिटर.

मी त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं. एका परिषदेसाठी सारांश पाठवला. तो स्वीकारलाही गेला.

मग सरांनी एकच प्रश्न विचारला. "मोजलंस का?" मी म्हटलं, "सर, पाकिटावर चार लिहिलंय आणि चारच आलं." सर म्हणाले, "पाकिटावर एकाच दाबाचा आकडा असतो. तू घातांकावर बोलणार आहेस. एका बिंदूतून किती रेषा जातात?"

मग मोजायला निघाले. माझे मामा यावल तालुक्यात केळी लावतात. त्यांच्याकडे त्याच जातीच्या नळीचं नवं, न वापरलेलं भेंडोळं होतं. मोजायची पद्धत तुम्हालाही कधी लागेल म्हणून सांगते. ड्रीपरखाली डबे ठेवायचे आणि बरोबर ६ मिनिटं पाणी गोळा करायचं. ६ मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, त्यामुळे मिलिलिटरचा आकडा दहानं गुणला की झालं. पाणी मोजपात्रात मोजण्यापेक्षा वजन काट्यावर करणं जास्त अचूक. ड्रीपर एक-दोन नाही, २५ घ्यायचे. ड्रीपरसाठीच्या आयएसओ ९२६१ या आंतरराष्ट्रीय मानकातही २५ नगांचाच नमुना घेतात, आणि नगा-नगांतला फरक व सरासरीचा छापील आकड्यापासूनचा फरक, दोन्ही ७ टक्क्यांच्या आत असावे लागतात. आपलं भारतीय मानक आयएस १३४८७ आहे, तेही वाचून ठेवा.

खरी अडचण वेळ मोजण्यात नव्हती, दाब मोजण्यात होती. बाजारातला घड्याळी गेज १० मीटरला एक मीटर इकडे-तिकडे सहज दाखवतो, आणि दाबात १० टक्के चूक म्हणजे प्रवाहात ५ टक्के चूक. म्हणून मी आधी आमच्या तीन मजली इमारतीच्या जिन्यातून पारदर्शक नळी वर नेली, पाण्याची उंची टेपनं मोजली आणि गेज त्यावर तपासून घेतला. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं की पाणी कुठे गळतंय. मामा मात्र शांतपणे डबे लावत होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "एवढं लॅपटॉपवर काढलं होतं ना तू, मग डबे कशाला?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही.

मोजणीत आलं: ५ मीटरला २.७, १० मीटरला ३.९, १५ मीटरला ४.८ लिटर. माझं सिम्युलेशन सांगत होतं: २.५, ४.०, ५.३.

बघा, मधला आकडा किती छान जुळतोय. टोकाचे आकडेही नुसते डोळ्यांनी पाहिले तर फार वाईट वाटत नाहीत. पण घातांक काढला तर मोजणीचा ०.५२ आणि माझा ०.६८. माझ्या प्रबंधाचा विषयच घातांक होता. म्हणजे जे सांगायचं होतं नेमकं तेच चुकलं होतं.

पुढचे तीन आठवडे मी चुकीच्या ठिकाणी शोधलं. मला वाटलं, टर्ब्युलन्स मॉडेलच चुकलंय. याचं कारणही तसं होतं. ड्रीपरमधला प्रवाह फार विचित्र जागी बसतो. वाट एक मिलिमीटर, वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे रेनॉल्ड्स आकडा हजार-अकराशे. सरळ नळीत २३०० च्या खाली प्रवाह शांत, म्हणजे लॅमिनार, असं आपण पाठ केलेलं असतं. पण इथे दर दोन मिलिमीटरवर वळण आहे, प्रवाह भिंतीपासून सुटतो, भोवरे तयार होतात, आणि हा प्रवाह त्याच्या बराच आधी अशांत व्हायला लागतो. मग लॅमिनार धरायचं की टर्ब्युलंट? संशोधनात दोन्ही धरणारे लोक आहेत. के-एप्सिलॉन मॉडेल बहुतेक जण वापरतात, कारण ते सगळीकडे तयार मिळतं. पण त्याच्यासोबत येणारी भिंतीजवळची सोय, ज्याला वॉल फंक्शन म्हणतात, ती मोठ्या पाइपांसाठी केलेली आहे. तिच्या नियमाप्रमाणे पहिला सेल भिंतीपासून जेवढा लांब ठेवायला सांगतात, तेवढा ठेवायला गेलं तर आमच्या वाटेत तो जवळजवळ मधोमध येतो! अख्खी वाटच 'भिंतीजवळ' आहे. हे ज्याला माहीत नाही त्याला सॉफ्टवेअर काही सांगणार नाही. ते मुकाट्यानं उत्तर देतं.

आणखी एक: घातांक ०.५ च्या जवळ आला म्हणून प्रवाह टर्ब्युलंट आहे असं सिद्ध होत नाही. वळणावर प्रवाह सुटून होणारं नुकसान वेगाच्या वर्गावर जातं, मग प्रवाह अशांत असो वा नसो. हे मी एका पेपरच्या परीक्षकाकडून शिकले, फार प्रेमळ शब्दांत नव्हे.

तर, तीन आठवडे मॉडेल बदलून झाली. काहीच फरक पडेना. शेवटी एका सिनिअरनं सांगितलं, "तू अवघड प्रश्न बंद कर. ज्याचं उत्तर पुस्तकात आहे असा प्रश्न सोडव." मी नागमोडी वाट काढून टाकली. तीच सगळी सेटिंग ठेवून फक्त एक सरळ चौकोनी नळी घेतली, वेग अगदी कमी ठेवला, म्हणजे प्रवाह नक्की लॅमिनार. चौकोनी नळीसाठी घर्षणांक आणि रेनॉल्ड्स आकडा यांचा गुणाकार ५६.९ असतो (गोल नळीसाठी ६४). त्यावरून दाब किती घटायला हवा ते हातानं काढलं. सिम्युलेशनमध्ये तो दहापट आला.

थोडाथोडका नाही, बरोबर दहापट. असा गोल आकडा आला की समजायचं, निसर्गाचा यात काही दोष नाही.

मी जे उदाहरण कॉपी केलं होतं त्यात द्रवाची गतिक श्यानता ०.००००१ होती. पाण्याची असते ०.०००००१. एक शून्य. मी आकार बदलला, दाब बदलला, सगळं बदललं आणि ती एक फाइल उघडलीच नाही. पाच महिने मी पाण्याचा नाही, पाण्याच्या दहापट चिकट अशा कुठल्याशा तेलाचा अभ्यास करत होते.

पण मग १० मीटरला ४ लिटर कसं आलं? हे जास्त भयानक आहे. श्यानता दुरुस्त केल्यावर उत्तर ४.८ आलं. म्हणजे अजून एक चूक होती, आणि ती उलट्या दिशेची होती. ड्रीपर ब्लेडनं कापून मी सूक्ष्मदर्शकाखाली वाटेची खोली मोजली होती, १.१ मिलिमीटर. ब्लेडनं कडेचं प्लास्टिक ओढलं गेलं होतं आणि मी ती ओढलेली कडाही मोजली होती. पाच ड्रीपर पुन्हा, नीट कापून मोजले, तेव्हा खोली ०.९ निघाली. ती घातल्यावर १० मीटरला ३.८ लिटर आणि घातांक ०.५२ च्या अगदी शेजारी.

म्हणजे चिकट द्रव पाणी कमी सोडत होता, खोल वाट जास्त सोडत होती, आणि दोघींनी मिळून मला पाकिटावरचा आकडा आणून दिला. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. माझी जाळी बरोबर होती, त्रुटी खाली उतरत होत्या, चित्रं सुंदर होती. जाळी कितीही बारीक केली असती तरी हे सापडलं नसतं, कारण जाळीची तपासणी फक्त एवढंच सांगते की समोरचं समीकरण तुम्ही बरोबर सोडवलंय. ते समीकरण तुमच्या ड्रीपरचं आहे की नाही, हे तिला माहीत नसतं. इंग्रजी पुस्तकांत या दोन गोष्टींना व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन अशी वेगळी नावं आहेत. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारतात, मीही धडाधड सांगितली होती.

परिषदेचा सारांश मी मागे घेतला. आयोजकांना पत्र लिहिताना हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: कळवल्याबद्दल धन्यवाद, पुढच्या वर्षी पाठवा. एवढंच.

ओपनफोम वापरणार असाल तर अजून एक खड्डा दाखवून ठेवते. पाण्यासारख्या द्रवासाठीच्या सॉल्व्हरमध्ये दाब पास्कलमध्ये नसतो, तो घनतेनं भागलेला असतो. १० मीटर पाणी म्हणजे तिथे ९८.१ लिहायचं. सवयीनं ९८,१०० लिहिलंत तर वेग सुमारे ३१ पट येतो. ही चूक निदान लगेच दिसते. ज्या चुका उत्तराला शोभून दिसतात त्यांचीच भीती बाळगा.

सीएफडी मग कशासाठी?

एवढं वाचून कोणाला वाटेल, डबे लावून मोजता येतंय तर सिम्युलेशनचा खटाटोप हवा कशाला? प्रश्न बरोबर आहे. मामांचाही उलट बाजूनं हाच होता.

डब्यात पाणी किती पडलं ते कळतं, आत काय झालं ते नाही. ड्रीपरचा खरा शत्रू म्हणजे तुंबणं. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, वर गाळ. फिल्टर लावतात, साधारण वाटेच्या सातव्या ते दहाव्या भागाइतकी बारीक जाळी. तरी त्याहून बारीक कण आत जातातच. ते कुठे बसतात? कोपऱ्यांतल्या त्या निळ्या भोवऱ्यांमध्ये, जिथे वेग कमी असतो. सिम्युलेशनमध्ये ती जागा दिसते. मग डिझाइन करणारा म्हणतो, हे कोपरे गोल करून भरून टाकू, फक्त मुख्य प्रवाहाची वाट ठेवू. तसं केलं की गाळ बसायला जागा राहत नाही. पण त्याच भोवऱ्यांत ऊर्जाही खर्च होत होती! कोपरा भरला की पाणी जास्त वाहायला लागतं, मग वाट अरुंद करावी लागते, आणि अरुंद वाट पुन्हा तुंबते. ही ओढाताण सोडवायला सीएफडीसारखं साधन नाही. प्रत्येक आकारासाठी इंजेक्शन मोल्डिंगचा साचा कापायचा तर महिने आणि पैसे जातात. संगणकावर वीस आकार आठवड्यात बघता येतात आणि त्यातले दोनच कापायचे. इंजिनिअरिंगमध्ये तिचा उपयोग मुख्यतः हा आहे: काय करू नये ते स्वस्तात कळणं. क्षार प्लास्टिकवर कसे जमतात, हे रसायनशास्त्र मात्र त्यात आपोआप येत नाही. आणि दाब बदलला तरी प्रवाह सारखा ठेवणाऱ्या ड्रीपरमध्ये सिलिकॉनचा लवचीक पडदा असतो, तिथे पाणी पडद्याला वाकवतं आणि पडदा पाण्याची वाट बदलतो. तो हिशोब आणखी एका पातळीनं अवघड आहे. मी त्याच्या वाटेला गेलेले नाही.

मोजणं ड्रीपरला सोपं असतं, म्हणून मी सुटले. आता धुळ्याकडे बघा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, नंदुरबारकडे जाताना लांबून दिसते. चक्की कुठे उभी करायची हे ठरवायला वाऱ्याचा हिशोब लागतो, आणि ऊर्जा वेगाच्या घनावर जाते. वेगात ५ टक्के चूक झाली तर ऊर्जेत जवळजवळ १६ टक्के. डेन्मार्कमध्ये तयार झालेलं वास्प नावाचं सॉफ्टवेअर यासाठी बरीच वर्षं वापरलं जातंय. ते हलक्या चढ-उतारावर चांगलं चालतं, पण पठाराच्या कड्यावर वारा जमिनीपासून सुटतो आणि तिथे त्याचं गणित लंगडं पडतं. तिथे सीएफडी लागते. म्हणजे तेच: वळण आलं, प्रवाह सुटला, साधं सूत्र संपलं. मिलिमीटरच्या जागी किलोमीटर, एवढाच फरक. पण इथे डबे लावता येत नाहीत. उंच मास्ट उभारून निदान वर्षभर वारा मोजावा लागतो, तोही एका-दोन जागी. बाकी सगळ्या जागांसाठी तुमच्या मॉडेलवर विसंबायचं. म्हणून तिथे मास्ट एक असेल तरी तो वेगवेगळ्या दिशांच्या वाऱ्याला तपासतात. पूर्वेच्या वाऱ्याला जुळलं आणि नैऋत्येच्या मोसमी वाऱ्याला नाही जुळलं, तर तो पूर्वेचा जुळलेला आकडा माझ्या ४.० लिटरसारखाच.

आता त्या दोन मुलांच्या प्रश्नाचं उत्तर. सॉफ्टवेअर ओपनफोम शिका, किंवा तुमच्या गाइडकडे जे असेल ते शिका. महिन्याभरात हात बसतो. त्याआधी सरळ नळीचा प्रश्न हातानं सोडवा आणि मग तोच सॉफ्टवेअरवर सोडवून आकडा जुळवा. कॉपी केलेल्या उदाहरणातली प्रत्येक फाइल उघडा, ज्या बदलायच्या नाहीत त्यासुद्धा. आणि गाइड निवडताना लॅबमध्ये किती कोअरचं मशीन आहे हे विचारता, तसं मोजायला काय आहे हेही विचारा. मोजणीची सोय नसेल, तर दुसऱ्या कोणी मोजून छापलेली माहिती तुमच्या प्रश्नासाठी आहे का ते प्रवेशाआधी शोधा. ती नसेल तर विषय बदलण्याचा विचार करा. हे कठोर वाटेल, पण तिसऱ्या वर्षात कळण्यापेक्षा बरं.

सध्या माझं काम तापमानावर चाललंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि उन्हात पडलेली काळी नळी त्याहून बरीच तापते. २० अंशांच्या मानानं ५० अंशांना पाण्याची श्यानता जवळजवळ निम्मी होते. जुन्या मायक्रोट्यूबसारख्या ड्रीपरमध्ये, जिथे प्रवाह लॅमिनार असतो, दुपारी पाणी बरंच वाढायला हवं. नागमोडी वाटेत श्यानतेचा हात कमी, त्यामुळे फरक थोडाच पडायला हवा. सिम्युलेशन तसंच सांगतंय, आणि या वेळी श्यानतेची फाइल मी तीनदा उघडून बघितली आहे. मामांना फोन केलाय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दोन वाजता पुन्हा डबे लावायचे आहेत, ५, १० आणि १५ मीटरला. ते म्हणाले, ये, पण टोपी घेऊन ये.